प्रश्नाला बक्षीस

१९२७ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याला ‘रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक’ मिळालं. परीक्षेतल्या गुणांशी या पारितोषिकाचा संबंध नव्हता. विद्यार्थ्याने गणितात स्वतःच्या डोक्याने काही नवं केलं असेल, तर त्याचा हा मान होता. परांजपे मूळचे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. १८९९ मध्ये केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत अव्वल येऊन सीनियर रँग्लर झालेले ते पहिले भारतीय, आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. त्यांच्या नावाचं हे बक्षीस ज्याला मिळालं, तो तरुण डहाणूत जन्मला होता आणि ठाण्याच्या शाळेत शिकला होता. त्याचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकर १९२९ मध्ये बी. एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. हाताशी प्रयोगशाळा नव्हती, विद्यापीठाचं ग्रंथालय नव्हतं. कागद, पेन्सिल आणि आकड्यांचा नाद एवढ्या भांडवलावर त्यांनी जे शोधलं, ते आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांच्या नावाने छापलं जातं. आपल्याकडच्या किती शाळांतल्या मुलांना हे नाव माहीत आहे, हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे. त्याहून मोठा प्रश्न त्या बक्षिसाचा आहे. शाळकरी मुलाने स्वतः प्रश्न काढावा, त्याच्या मागे महिनाभर लागावं आणि जे हाती आलं ते चार लोकांपुढे मांडावं, यासाठी आज आपण कुठलं बक्षीस ठेवलं आहे?

हा लेख मी चिरनेरच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. पनवेलपासून फार लांब नसलेलं, उरण तालुक्यातलं हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे. अक्कादेवीच्या माळावर त्या दिवशी गोळीबार झाला. नाग्या महादू कातकरी आणि त्यांच्यासारखे साधे शेतकरी, कष्टकरी त्यात हुतात्मा झाले. कापरेकर देवळालीत फळ्यापुढे उभे राहिले तेही हेच साल. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण १९३० हा आकडा चिरनेरच्या प्रत्येक मुलाला पाठ असतो, म्हणून कापरेकरांच्या गणिताची सुरुवात तिथूनच करू.

१९३० पासून ६१७४ पर्यंत

१९३० मधले अंक उतरत्या क्रमाने मांडले की होतात ९३१०. चढत्या क्रमाने ०१३९. वजाबाकी ९१७१. आता हीच कृती ९१७१ वर करायची: ९७११ वजा ११७९, उत्तर ८५३२. पुन्हा तेच: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आणखी एकदा करून पाहिलं, तर ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. इथून पुढे हलायला जागाच नाही.

चिरनेरच्या १९३० ला तीन पायऱ्या लागल्या. आपलं जन्मसाल घ्या, गाडीचा नंबर घ्या, चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. वजाबाकीत ९९९ आलं तर ते ०९९९ असं लिहायचं, एवढं एक पथ्य पाळायचं. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतंच. कापरेकरांनी ही गोष्ट १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या परदेशी नियतकालिकात ती छापून आली.

बहुतेक ठिकाणी ही कथा इथे थांबते आणि मुलं टाळ्या वाजवतात. शोध मात्र इथे सुरू होतो, कारण वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी विचारते, ‘दर वेळी येईलच कशावरून?’ सगळ्या संख्या तपासायच्या तर हजारो वजाबाक्या कराव्या लागतील. पण आठवीतलं बीजगणित येणारं मूल हे काम एका दुपारी संपवू शकतं. उतरत्या क्रमाचे अंक अ, ब, क, ड असे माना. वजाबाकी उलगडली की ती ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) एवढीच उरते. म्हणजे उत्तर अंक कोणते यावर अवलंबून नाही, फक्त दोन फरकांवर आहे. पहिला फरक १ ते ९ मधला. दुसरा फरक शून्यापासून पहिल्या फरकापर्यंत. अशा जोड्या मोजल्या तर भरतात अवघ्या ५४. हजारो संख्यांचं काम ५४ ओळींवर आलं. त्या ५४ ओळी वहीत लिहून प्रत्येक ओळ कुठे जाते हे बाणांनी दाखवलं, की ती सिद्धताच झाली. तिच्यात उणं काही नाही.

पुढचे प्रश्न मुलांना सुचवावे लागत नाहीत. तीन अंकी संख्यांचं काय? तिथे ४९५ येतं, आणि तपासायला नऊच प्रकार असतात. दोन अंकींचं काय? तिथे गंमत बिघडते: ०९ वरून ८१, ८१ वरून ६३, मग २७, मग ४५, आणि पुन्हा ०९. मुक्काम सापडतच नाही, फेरा सुरू राहतो. पाच अंकांतही एक मुक्काम नाही, तीन वेगवेगळे फेरे आहेत. असं का, हे विचारणारं मूल गणित करायला लागलेलं असतं.

कापरेकरांची सगळी कमाई अशीच आहे. २१ मध्ये त्याचेच अंक मिळवले की २४ होतात. मग २० ही संख्या अशी कुठल्या संख्येपासून बनते? कुठल्याच नाही. अशा संख्यांना त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटलं. १, ११, १११ यांचे वर्ग १, १२१, १२३२१ असे होतात. या जातीच्या संख्यांचा विचार त्यांच्या मनात आला तो मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या डेमलो स्टेशनवर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत. म्हणून त्या ‘डेमलो संख्या’ झाल्या. दहा एकांचा वर्ग केला की ही सुंदर नक्षी मोडते. ती का मोडते हे हातच्याचा हिशेब जाणणारं सहावीतलं पोरही शोधून काढू शकतं. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं, तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते. निवृत्तीनंतर उदरनिर्वाहासाठी ते शिकवण्या घेत. १९८६ मध्ये ते गेले.

आपल्याकडे काय आहे

महाराष्ट्रात गणिताच्या स्पर्धांना तोटा नाही. शिष्यवृत्ती परीक्षा आहे. गणित अध्यापकांच्या संघटना संबोध, प्रावीण्य, प्रज्ञा अशा परीक्षा घेतात, आणि अनेक शिक्षक त्यासाठी मुलांना शाळा सुटल्यावर मोफत शिकवतात. १९७६ मध्ये श्रीराम अभ्यंकरांनी पुण्यात स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान ऑलिंपियाडच्या तयारीचं मोठं केंद्र झालं. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र देशभरातल्या ऑलिंपियाडची धुरा वाहतं. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला भारत १९८९ पासून संघ पाठवतो, आणि १९९६ मध्ये ही स्पर्धा मुंबईतच झाली. या सगळ्या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे.

पण या सगळ्या परीक्षांत प्रश्न दुसऱ्याचा असतो आणि घड्याळ लावलेलं असतं. ऑलिंपियाडमध्येही, जिथे एका दिवशी तीन प्रश्नांना साडेचार तास मिळतात आणि विचाराला खरी जागा असते, उत्तर आहे हे मुलाला आधीच ठाऊक असतं. शोध घेणाऱ्याला हा दिलासा नसतो. आपला प्रश्न सुटणारा आहे का, तो विचारण्याजोगा तरी आहे का, हे त्याला स्वतः ठरवावं लागतं.

विज्ञानात ही वाट काहीशी खुली आहे. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ मध्ये सुरू केलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी आणि प्रात्यक्षिकानंतर मुलांना कृतिशोध प्रकल्प करावा लागतो. १९९३ पासून भरणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद दहा ते सतरा वर्षांच्या मुलांना आपल्याच परिसरातला प्रश्न हाती घ्यायला लावते. तालुक्या-तालुक्यांतल्या विज्ञान प्रदर्शनांत गणिताचा विभाग असतो. पण त्या विभागाच्या टेबलांवर पायथागोरसचं थर्माकोलचं मॉडेल आणि सूत्रांचे रंगीत तक्ते सोडून दुसरं काही क्वचितच दिसतं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने गणित शिकवण्याचं मुख्य उद्दिष्ट मुलाच्या विचाराला गणिती वळण लावणं हे असल्याचं स्पष्ट म्हटलं होतं. वीस वर्षं झाली. ते वळण मोजणारी स्पर्धा मात्र गावपातळीवर उभी राहिली नाही.

चिरनेरच्या वहीत मावतील असे प्रश्न

‘खेड्यातल्या मुलांना असे प्रश्न कुठून सुचणार?’ ही शंका मला नेहमी ऐकू येते. उरण तालुक्यापुरतं बोलायचं तर प्रश्न पावलापावलावर पडले आहेत.

करंजा-मोऱ्याच्या किनाऱ्यावर सर्वांत मोठं घड्याळ भरतीचं. कोकणपट्टीत भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. आता एखाद्या मुलीने ही रीत पूर्ण पंधरवड्यासाठी वहीत मांडली. चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण. रोज पाऊण तास पुढे जाणारी भरती एका तिथीत दीड तास उडी कशी मारेल? इथे तिची पेन्सिल थांबली पाहिजे. अमावास्येला आणि पौर्णिमेला आपल्याकडे पूर्ण भरती बाराच्या सुमाराला येते. या दोहोंमध्ये १५ तिथी, आणि तेवढ्यात भरतीची वेळ १२ तास सरकते. म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊण तासाला ३ मिनिटं कमी पडतात, आणि १५ तिथींत ती ४५ मिनिटं साचून ती खोटी उडी तयार होते. ४८ मिनिटं म्हणजे बरोबर दोन घटका. ‘तिथीला दोन घटका’ ही रीत हिशेबात चोख बसते.

यावरही शोध संपत नाही. मुंबई बंदराचं छापील कोष्टक शेजारी ठेवून महिनाभर तपासलं, तर दिसेल की अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती ४८ मिनिटांहून कमी सरकते आणि अष्टमीच्या आसपास जास्त. ४८ ही सरासरी निघाली. सूर्य आणि चंद्र या दोघांची ओढ पाण्यावर असते, तिचा परिणाम इथवर पोचतो. त्या मुलीला कारण सापडलं नाही तरी चालेल. जुनी रीत कुठे चुकते, किती चुकते आणि तरीही होडी हाकायला ती का पुरते, एवढं तिने दाखवलं तरी मी तिला पहिलं बक्षीस देईन.

चिरनेरचं कलानगर गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखलं जातं. एक फुटाच्या मूर्तीला लागते तितकी शाडू माती एक माप धरली, तर त्याच घडणीच्या दोन फुटी मूर्तीला किती लागेल? वर्गात बहुतेक हात ‘दुप्पट’वर उठतील. मूर्ती भरीव असेल तर आठपट लागेल, कारण उंची, रुंदी आणि जाडी तिन्ही दुप्पट होतात. पण मूर्ती आतून पोकळ असते. दोन्ही मूर्तींच्या भिंतीची जाडी सारखीच ठेवली तर माती साधारण चौपट लागेल. म्हणजे मूर्ती काट्यावर ठेवून वजनांचं गुणोत्तर काढलं की आत न डोकावता कळतं, मोठ्या मूर्तीची भिंत कारागिराने किती वाढवली आहे. मग पुढचे प्रश्न. रंग चौपट लागतो का? डोळ्यांच्या आखणीला लागणारा वेळ उंचीबरोबर वाढतो का? मूर्तीची किंमत माती, रंग आणि वेळ यांतल्या कशाच्या मागे चालते? हे सगळं मोजता येतं, आणि मोजून झाल्यावर ज्यांच्या हातात ही कला आहे त्यांच्यासमोर बसून पडताळता येतं.

भाताच्या खाचरातही गणित आहे. चारसूत्री पद्धतीत रोपांचे चूड, म्हणजे जुडगे, आलटून-पालटून १५ आणि २५ सेंटिमीटर अंतरावर लावतात. सरसकट २० सेंटिमीटरवर लावली तरी एका चौरस मीटरला २५ चूडच बसतात, इकडेही तेवढेच. मग खटाटोप कशासाठी? १५ सेंटिमीटरच्या चौकोनाच्या मधोमध खताची गोळी खोचली की ती चारही चूडांपासून सारखी, साडेदहा सेंटिमीटरच्या थोडी पुढे असते. कर्णाचं सूत्र शेतात कशासाठी लागतं, ते इथे चिखलात उभं राहून दिसतं.

बाहेरच्या जगाने काय पाहिलं

२०२२ च्या नाताळच्या सुट्टीआधी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या एका मुलींच्या शाळेत गणिताची स्पर्धा झाली. तिच्यात एक जादा प्रश्न होता: पायथागोरसचं प्रमेय नव्या रीतीने सिद्ध करा. कॅल्सिया जॉन्सन आणि नेकिया जॅक्सन या दोन विद्यार्थिनी त्याच्या मागे लागल्या. हे प्रमेय त्रिकोणमितीने, वर्तुळाकार तर्कात न अडकता सिद्ध करणं अशक्य आहे, अशी समजूत बराच काळ होती. त्यांनी ते केलं. २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या अधिवेशनात ते मांडलं, आणि २०२४ मध्ये आणखी सिद्धतांसह त्यांचा लेख ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त छापून आला. शाळेच्या स्पर्धेतला एक जादा प्रश्न, आणि तो सोडवायला घड्याळाची सक्ती नाही, इतकीच सामग्री.

ब्रिटनने हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. १९८२ च्या कॉकक्रॉफ्ट अहवालाने प्रत्येक वयाच्या गणिताच्या वर्गात शोधकामाला जागा असावी अशी शिफारस केली. पुढे शालान्त परीक्षेच्या गणितात घरी करायचं शोधकाम आलं. २००६ मध्ये ते काढून टाकायचं ठरलं, कारण सादर झालेलं काम मुलाचं की घरच्यांचं की इंटरनेटवरचं, याची खात्री देता येईना. हा धडा आपण नीट वाचला पाहिजे. शोधकाम गुणपत्रिकेला बांधलं, हजारो मुलांना तेच ठरावीक विषय दिले आणि फक्त अंतिम प्रत तपासली, की नक्कल होणारच. आपल्याकडे तर झेरॉक्सच्या दुकानांत तयार प्रकल्प मिळतात आणि मोबाइल कुठल्याही प्रश्नाचं उत्तर क्षणात लिहून देतो. ज्याचा प्रश्न स्वतःच्या गावातल्या मूर्तींच्या वजनाचा आहे आणि ज्याला आपल्या कच्च्या वहीतल्या खाडाखोडीबद्दल तोंडी उत्तर द्यायचं आहे, त्याला मात्र उसनं काम फार पुरत नाही.

एक स्पर्धा, साध्या नियमांची

म्हणून मी ही सूचना करतो आहे, आणि ती चिरनेरसारख्या गावापासून सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं. सहावी ते नववीच्या मुलांनी दोघा-दोघांच्या जोडीने भाग घ्यावा. २२ डिसेंबरला, म्हणजे रामानुजन यांच्या जन्मदिनी, राष्ट्रीय गणित दिवसाला, प्रत्येक जोडीने आपला प्रश्न स्वतःच्या अक्षरात शाळेत नोंदवावा. १७ जानेवारीला, कापरेकरांच्या जन्मदिनी, वह्या द्याव्यात. मधले २६ दिवस मुलांचे. शिक्षकांनी उत्तर सांगायचं नाही, फक्त ‘मग पुढे काय पाहिलंस?’ एवढं विचारत राहायचं.

निम्मे गुण कच्च्या वहीला असावेत: काय करून पाहिलं, कुठे अडलं, अंदाज कुठे फसला आणि मग काय बदललं. उरलेले गुण तोंडी मांडणीला. परीक्षकांत गणिताच्या शिक्षकाशेजारी त्या विषयातला जाणता माणूस बसावा. मूर्तींच्या वजनाचा प्रश्न असेल तर मूर्तिकार, भरतीचा असेल तर कोळी, भाताचा असेल तर शेतकरी. आपल्या आजोबांना ठाऊक असलेली रीत नातीने आकड्यांनी पारखली, आणि आजोबांनी ती पारख मान्य केली किंवा त्यात खोट काढली, तर गणित पुस्तकाबाहेर आलं असं मी समजेन. थर्माकोल आणि छापील तक्ते नकोत. आणि एक बक्षीस न सुटलेल्या सर्वोत्तम प्रश्नासाठी राखून ठेवावं. पुढच्या वर्षी दुसऱ्या जोडीने तो तिथून उचलावा.

याला लागणारा खर्च दोनशे पानी वह्या, दोरी, मोजपट्टी, वजनकाटा आणि बक्षिसाची पुस्तकं एवढाच आहे. उरण-पनवेलच्या परिसरात गेल्या काही दशकांत अब्जावधींची बांधकामं झाली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, २०२४ च्या जानेवारीत २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. या भूमीवरची शेती आणि मिठागरं त्या कामांना गेली. त्या घरांतली मुलं अशा बंदरांची आणि पुलांची गणितं मांडणारी व्हावीत, नुसती गेटवर उभी राहणारी नसावीत, ही अपेक्षा रास्त आहे. पाठ केलेल्या उत्तरांनी ती पुरी होणार नाही. ज्याने तेराव्या वर्षी स्वतःचा प्रश्न धरून २६ दिवस झुंज दिली आहे, त्याला पुढे कुठल्याही अनोळखी प्रश्नाचा धाक वाटत नाही.

परांजप्यांच्या नावाचं ते पारितोषिक किती रुपयांचं होतं, याला आज महत्त्व नाही. तू स्वतः काय शोधलंस, असं एका संस्थेने बावीस वर्षांच्या मुलाला विचारलं आणि त्याच्या उत्तराची किंमत केली. त्या मुलाने पुढची साठ वर्षं त्या प्रश्नाला उत्तर देण्यात घालवली. हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला, शाळेच्या व्यवस्थापन समितीतल्या प्रत्येक सदस्याला आणि गावाबाहेर नोकरीला गेलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला माझी विनंती आहे: आपल्या शाळेत हाच प्रश्न विचारणारं एक बक्षीस येत्या २२ डिसेंबरला जाहीर करा.